पाच महिने बंद राहणारी स्कूटर: हिवाळ्यात अधूनमधून सुरू करावी की हातच लावू नये?

ईझारकाठी, म्युनिक — १३ ऑक्टोबर

नमस्कार. मी गेली सात वर्षे म्युनिकमध्ये राहतो. जर्मनीत मोटारीचा परवाना निदान पाच वर्षे जुना असेल आणि वय पंचविसाच्या पुढे असेल, तर प्रत्येकी ९० मिनिटांचे प्रशिक्षणाचे नऊ वर्ग पूर्ण करून, वेगळी परीक्षा न देता, १२५ सीसीपर्यंतची दुचाकी चालवण्याची परवानगी मिळते. ती मी या वसंतात मिळवली आणि मे महिन्यात एक वापरलेली १२५ सीसीची व्हेस्पा घेतली. फोर स्ट्रोक, हवेने थंड होणारे इंजिन, फ्युएल इंजेक्शन आणि पत्र्याची बॉडी, अशी ही गाडी आहे. कोल्हापूरला कॉलेजात असताना बाबांची स्कूटर चालवत असे, त्यानंतर इतक्या वर्षांनी पुन्हा हँडल हातात आले आणि उन्हाळाभर ऑफिसला, नदीकाठी, बाजारात सगळीकडे मी तिच्यावरूनच गेलो. त्यामुळे तिला नीट ठेवावे, एवढीच कळकळ आहे.

माझ्या गाडीची नंबर प्लेट हंगामी आहे. पाटीच्या उजव्या कडेला ०४ आणि त्याखाली १० असे आकडे आहेत, म्हणजे १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर एवढ्याच काळात ती रस्त्यावर आणता येते. पुढचे पाच महिने ती उभीच राहील. बाबांचे ठाम म्हणणे असे की आठवड्यातून एकदा तरी गाडी सुरू करून दहा मिनिटे चालू ठेवावी, नाहीतर इंजिन बसते. त्यांनी सव्वीस वर्षे एकच स्कूटर स्वतःच्या हाताने सांभाळली, त्यामुळे त्यांचा शब्द मला सहज बाजूला सारता येत नाही. याउलट, आमच्याच इमारतीत राहणारे आणि आयुष्यभर मोटारसायकल चालवलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणतात की एकदा व्यवस्थित ठेवली की एप्रिलपर्यंत तिला हातसुद्धा लावू नये. दोघांपैकी कोणाचे ऐकावे? पेट्रोलची टाकी भरून ठेवावी की रिकामी करावी, याविषयीही परस्परविरोधी सल्ले मिळाले आहेत. अनुभवी मंडळींनी कारणांसह सांगितले तर फार मदत होईल.

न्यूर्नबर्गकर — १३ ऑक्टोबर

बारा हिवाळे मी येथे स्कूटर बंद करून ठेवली आहे आणि पहिल्या दोन हिवाळ्यांत आपल्या बाबांनी सांगितले तसेच केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपल्या गाडीसाठी आणि म्युनिकच्या थंडीसाठी शेजाऱ्यांचाच सल्ला बरोबर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेट्रोल जळते तेव्हा पाण्याची वाफ तयार होते, आणि ती थोडीथोडकी नसते. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापलेले असतील तर ही वाफ मागच्या मागे बाहेर निघून जाते. पण शून्य अंशाच्या आसपास गारठलेली गाडी जागेवर दहा मिनिटे चालवून बंद केली, तर सायलेन्सर आतून तापतच नाही, वाफेचे तेथेच पाणी होते आणि पुढच्या रविवारपर्यंत ते पत्र्याला खात बसते. हीच वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्येही उतरते. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागते, त्यातले काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल पातळ करते. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी मी ऑइल भरण्याचे झाकण उघडले तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला साईसारखा पिवळसर पांढरा थर जमलेला होता. ऑइल आणि पाणी घुसळले गेले की असा थर बनतो. त्या दिवसापासून मी हिवाळ्यात गाडी सुरू करणे बंद केले.

यात बॅटरीचेही नुकसान होते. गारठलेले इंजिन फिरवायला स्टार्टर बॅटरीतून मोठा करंट ओढतो आणि मंद गतीने चालणारे इंजिन दहा मिनिटांत तेवढा परत भरून देत नाही, म्हणून दर आठवड्याला ती थोडी थोडी उतरत जाते आणि आपल्याला मात्र वाटते की आपण ती भरतो आहोत. इंजिन सुरू करायचेच असेल, तर पंधरावीस किलोमीटर रस्त्यावर नेऊन सगळी गाडी तापवून आणायला हवी, आणि आपल्या पाटीवर ते मार्च संपेपर्यंत शक्य नाही.

पेट्रोलविषयी: टाकी भरा. अर्धी रिकामी पत्र्याची टाकी म्हणजे आत अडकलेली दमट हवा. रात्री गारठा पडला की तिच्यातले पाणी पत्र्यावर जमते आणि गंज आतून सुरू होतो. दुसरे म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीतल्या पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि त्याला कोरडे ठेवणे हिताचे नाही. मात्र उभे राहिलेले पेट्रोल जुने होते, हेही खरे. त्यातला लवकर पेटणारा हलका भाग उडून जातो आणि उरलेल्या भागाची हवेशी क्रिया होऊन चिकट राळ तयार होते, जी इंजेक्टरच्या बारीक छिद्रांत बसते. म्हणून पेट्रोल टिकवणारे जे द्रव्य स्टॅबिलायझर या नावाने मिळते, ते बाटलीवर दिलेल्या प्रमाणात वापरावे. ते घरी आल्यावर टाकीत ओतण्यापेक्षा हंगामाच्या शेवटच्या फेरीत पंपावरच आधी टाकावे, त्यावर पेट्रोल भरून घ्यावे आणि मग निदान दहा किलोमीटर चालवत घरी यावे, म्हणजे ते टाकीत नीट मिसळते आणि इंजेक्टरपर्यंत पोहोचते. पेट्रोल ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले) ऐवजी ई-५ (पाच टक्क्यांपर्यंतचे) घ्यावे, कारण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि ते जितके कमी तितके बरे. टाकी अगदी काठोकाठ भरू नये, दोन बोटे जागा सोडावी.

ऑइल आत्ताच बदला, वसंतात नव्हे. वापरलेल्या ऑइलमध्ये उन्हाळाभराची आम्ले आणि पाणी साठलेले असते आणि बेअरिंगांनी पाच महिने त्यात बुडून राहावे, हे मला पटत नाही. त्या शेवटच्या फेरीहून परत आल्या आल्या, गरम असतानाच ते काढावे, म्हणजे तळाचा गाळही निघून येतो. नवे भरल्यावर इंजिन एखादे मिनिट फिरू द्यावे आणि मग बंद करावे. मागच्या चाकाजवळच्या गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असते, त्याची पातळी त्याच वेळी पाहून घ्या.

बॅटरी काढून घरात आणा. आधी ऋण टोक सोडवा, मग धन. बसवताना याच्या उलट. धन टोकाला पाना लावलेला असताना तो गाडीच्या पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते, पण ऋण टोक आधीच सुटलेले असेल तर काहीच होत नाही. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज काही तास विश्रांतीनंतर १२.७ ते १२.८ दिसतो. तो १२.४ च्या खाली जाऊ देऊ नये, कारण त्याखाली शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसू लागतो. आपोआप थांबणारा चार्जर असेल तर महिन्यातून एक रात्र पुरते.

धुण्याविषयी एकच सांगतो, पण ते विसरू नका. ऑक्टोबरच्या शेवटी पहिले दव गोठले की येथे रस्त्यांवर मीठ पडू लागते, आणि पत्र्याच्या बॉडीला मिठाएवढा वैरी नाही. मडगार्डच्या आतून, फूटबोर्डच्या खालून, साइड स्टँडच्या सांध्यातून साध्या पाण्याने धुवा. जोराच्या फवाऱ्याने धुतले तर पाणी बेअरिंगांत आणि वायरच्या जोडांत शिरते. धुतल्यावर ती पुरती वाळवून मगच झाका. उघड्या लोखंडावर तेलाचा हात फिरवा, मात्र ब्रेकच्या डिस्कवर आणि टायरवर तेलाचा थेंबही जाऊ देऊ नका.

प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडण्याचा सल्लाही आपल्याला कोणीतरी देईल. चारपाच महिन्यांसाठी मी ते कधीच केले नाही आणि काही बिघडले नाही. गाडी वर्षभर उभी राहणार असती तर केले असते.

जुनी चेतक, पुणे — १४ ऑक्टोबर

न्यूर्नबर्गकरांनी लिहिलेले सर्व पटले. तरीही तुमच्या वडिलांच्या सल्ल्यामागे काय आहे ते सांगावेसे वाटते, कारण तो सल्ला आमच्या पिढीने सोसून मिळवलेला आहे आणि ज्या गाड्यांसाठी तो होता त्यांच्यासाठी तो बरोबरच होता.

१९७२ पासून आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडणारी चेतक ही टू स्ट्रोक गाडी होती. टू स्ट्रोक इंजिनात ऑइलचा वेगळा साठा नसतो. ते पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि क्रँकच्या बेअरिंगांना व सिलिंडरला जे काही वंगण मिळायचे ते इंजिन चालू असतानाच मिळते. गाडी महिनाभर उभी राहिली की तो पातळ थर उतरून जातो. शिवाय कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेले पेट्रोल सुकून जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याचे बारीक छिद्र, तुंबतो. आठवड्यातून एकदा सुरू केली की बेअरिंगांवर नवे ऑइल फिरते आणि वाटीत ताजे पेट्रोल येते. तिला सुरू करायला किक पुरत असे, बॅटरी नसली तरी तिचे अडत नसे, म्हणून बॅटरी उतरण्याची चिंता नव्हती. कोल्हापुरात डिसेंबरच्या पहाटेही हवा तेरा-चौदा अंशांच्या आसपास असते आणि इंजिन चार मिनिटांत तापते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आम्ही ‘सुरू करतो’ म्हणायचो तेव्हा मंडईपर्यंत जाऊनच येत असू. तुमच्या वडिलांनाही नुसती अंगणात फडफडवणे अभिप्रेत नसावे. त्यांना एकदा विचारून पाहा.

आमच्याकडे गाडी झाकून ठेवण्याची वेळ हिवाळ्यात नाही, पावसाळ्यात येते, आणि तेव्हा मी केलेली चूक तुमच्या कामाला येईल. नव्वदच्या दशकात माझी काही महिन्यांसाठी बाहेर बदली झाली. जून ते ऑक्टोबर चेतक रत्नागिरीच्या घरी पडवीत ठेवली. पाऊस आत येऊ नये म्हणून तिला प्लॅस्टिकच्या कागदात वरपासून खालपर्यंत गुंडाळले आणि सुतळीने घट्ट बांधले. पेट्रोल निम्म्याहून कमी होते, तसेच ठेवले. दिवाळीला उघडली तेव्हा आतला पत्रा घामाने भिजल्यासारखा ओला होता, क्रोमवर पुळ्या आल्या होत्या, टाकीच्या तळाशी गंजाचा चुरा होता, आणि डिकीच्या मागच्या अंगाला उंदरांनी घर करून वायर कुरतडली होती. पावसाचे पाणी आत गेलेच नव्हते, पण प्लॅस्टिकने आतला दमटपणा बाहेर जाऊ दिला नाही. तेव्हापासून माझा नियम असा की अंगाला जुनी सुती चादर, आणि वरून धूळ किंवा शिंतोडे येणार असतील तरच ताडपत्री, तीही खालून मोकळी. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या नळीत कापडाचा बोळा, म्हणजे उंदीर शिरत नाहीत. बोळा घातल्याची चिठ्ठी मात्र किल्लीलाच बांधून ठेवायची.

ज्यांच्याकडे अजूनही कार्ब्युरेटरची जुनी गाडी आहे त्यांनी टाकी भरावी, पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि गाडी आपणहून बंद पडेपर्यंत चालू ठेवावी. वाटी कोरडी होते आणि जेट तुंबत नाही. भारतात आता पंपावरचे पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचे आहे, त्यामुळे हे पूर्वीपेक्षा जास्त जपावे लागते. पाणी फार ओढले गेले तर इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात, वर पेट्रोल राहते आणि कार्ब्युरेटरला नेमका तळाचाच भाग मिळतो.

ईझारकाठी, म्युनिक — १४ ऑक्टोबर

दोघांचेही मनापासून आभार. काका, आज बाबांना फोन करून विचारले. तुम्ही लिहिलेत ते तंतोतंत खरे निघाले. ‘सुरू करायची म्हणजे रंकाळ्याला एक चक्कर मारून यायची, नुसती उभी करून काय उपयोग’, असे ते म्हणाले. इतकी वर्षे मी त्यांचे वाक्य अर्धेच ऐकत होतो.

आता जागेचा प्रश्न. आत्ता गाडी घरासमोरच्या रस्त्यावर, झाडाखाली उभी असते. इमारतीच्या मागे फाटक असलेले सामाईक अंगण आहे, पण ते उघडे आहे. तिसरा पर्याय म्हणजे तळघरातल्या पार्किंगमधली एक जागा, जी शेजारी पाच महिन्यांसाठी भाड्याने द्यायला तयार आहेत. भाडे थोडे जड आहे. शिवाय घरात लहान मूल असल्यामुळे बॅटरी घरात ठेवण्याची पत्नीला काळजी वाटते. ती तळघरातल्या आमच्या कोठीत ठेवली तर चालेल का?

कॅलगरीकर — १५ ऑक्टोबर

बॅटरीपुरते लिहितो. आमच्याकडे उणे तीस अंशांपर्यंत पारा उतरतो. पूर्ण भरलेली शिशाची बॅटरी त्या थंडीतही गोठत नाही, कारण तिच्यातले आम्ल तीव्र असते. उतरलेल्या बॅटरीतले आम्ल मात्र जवळजवळ पाण्यासारखे झालेले असते आणि ते उणे दहाच्या आसपासच गोठू लागते. पहिल्या वर्षी मी बॅटरी गाडीतच ठेवली होती. अलार्मने ती हळूहळू उतरवली आणि मार्चमध्ये पाहिले तर डबा फुगून एका बाजूने तडकला होता. गोठलेल्या बॅटरीला चार्जर लावणे धोक्याचे असते, म्हणून ती सरळ पुनर्वापर केंद्रात दिली.

तळघराची कोठी उत्तम. गारवा बॅटरीला मानवतो. थंड जागेत ती आपोआप कमी उतरते. जागा कोरडी असावी आणि मुलाचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ती उभीच ठेवावी. चार्ज करताना कोठीचे दार किंवा खिडकी उघडी ठेवा, आणि धातूची हत्यारे तिच्यावर पडतील अशी वर टांगू नका. सिमेंटच्या जमिनीवर ठेवली तर बॅटरी उतरते, असे कोणी सांगेल. आजच्या प्लॅस्टिकच्या डब्याच्या बॅटरीला त्याने काही होत नाही.

न्यूर्नबर्गकर — १५ ऑक्टोबर

रस्त्याचा पर्याय मनातून काढून टाका. ३१ ऑक्टोबरनंतर आपली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता तर येत नाहीच, पण उभीही करता येत नाही. दंड तर होतोच, शिवाय विम्याचा प्रश्न त्याहून मोठा आहे. हंगामाबाहेरच्या महिन्यांत विमा विश्रांतीच्या स्वरूपात चालू राहतो, आणि त्यासाठी गाडी बंद जागेत किंवा कुंपण असलेल्या खासगी आवारात असावी लागते. फाटकाचे अंगण आणि तळघरातले पार्किंग, दोन्ही साधारणपणे या अटीत बसतात. तरीही विमा कंपनीला एक ईमेल पाठवून लेखी उत्तर घेऊन ठेवा. कोठीत बॅटरी खुशाल ठेवा, पण पेट्रोल भरलेली गाडी कोठीत किंवा बॉयलरच्या खोलीशेजारी नेण्याचा विचारही करू नका.

माझे मत तळघरातल्या पार्किंगला आहे, भाडे जड असले तरी. पत्र्याच्या बॉडीचा गंज एकदा शिवणीत शिरला की तो काढण्याचा खर्च एका हिवाळ्याच्या भाड्याहून कितीतरी अधिक होतो. एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्या, जी मला चार वर्षांनी कळली. तळघर कोरडे आहे असे आपण समजतो, पण हिवाळ्यात तेथे येणारी प्रत्येक मोटार चाकांच्या आड बर्फ आणि मीठ घेऊन येते, ते वितळते आणि खारट पाण्याची डबकी साचतात. गाडी मधल्या वाटेपासून दूर, भिंतीकडे, लाकडी फळीवर मेन स्टँडला लावा. चाकांत नेहमीपेक्षा ०.५ बार हवा जास्त भरा, मात्र टायरच्या कडेवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आतच. पुढचे चाक जमिनीला टेकत असेल तर महिन्यातून एकदा, बॅटरी पाहायला खाली जाल तेव्हा, ते वीतभर फिरवून ठेवा, म्हणजे टायर एकाच जागी दबून सपाट होणार नाही. काकांनी सांगितलेली सुती चादर घाला. दुकानात मिळणारे आवरण घेणार असाल तर हवा खेळणाऱ्या कापडाचेच घ्या.

आपल्या पाटीवरच्या, गाडीच्या सक्तीच्या तांत्रिक तपासणीच्या शिक्क्याचा महिना कोणता आहे, तेही पाहा. तो बंद महिन्यांत येत असेल तर घाबरू नका. हंगाम सुरू होतो त्या महिन्यात, म्हणजे एप्रिलमध्ये, तपासणी करून घेता येते. ब्रेकचे द्रव दोन वर्षांहून जुने असेल तर त्याआधी बदला, कारण तेही इथेनॉलसारखेच हवेतले पाणी ओढते.

एल्बेतीर, हॅम्बुर्ग — १६ ऑक्टोबर

माझ्याकडे विजेवर चालणारी स्कूटर आहे आणि डिसेंबरपासून दहा आठवडे मी भारतात असेन. तिची बॅटरीही पूर्ण भरून ठेवायची का?

कॅलगरीकर — १६ ऑक्टोबर

नाही, ताई. तुमची बॅटरी लिथियम आयनची आहे आणि तिचा नियम उलटा आहे. पूर्ण भरलेल्या स्थितीत महिनोन्महिने ठेवली तर तिची क्षमता कमी होत जाते, पूर्ण उतरू दिली तर ती कायमची निकामी होऊ शकते. निम्म्याच्या आसपास, म्हणजे ४० ते ६० टक्के भरून, गाडीतून निघत असेल तर काढून, दहा ते वीस अंशांच्या खोलीत ठेवून जा. परत आल्यावर ती बाहेरच्या थंडीत राहिलेली असेल, तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच चार्जर लावा. शून्याखाली चार्ज केल्याने या बॅटरीच्या आत लिथियमचा धातू जमतो आणि ते नुकसान भरून येत नाही. शिशाच्या बॅटरीचा चार्जर तिला कधीही लावू नका.

ईझारकाठी, म्युनिक — २ नोव्हेंबर

सर्व काम पूर्ण झाले, म्हणून कळवतो. ३० तारखेला पंपावर स्टॅबिलायझर आणि पेट्रोल भरून गाव ओलांडून मोठा फेरा मारला, घरी येताच ऑइल काढले. काढलेले ऑइल जेथून नवे घेतले होते त्याच दुकानात परत दिले. येथे विक्रेत्याला ते परत घ्यावेच लागते, हे याआधी ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुऊन तळघरात भिंतीलगत लावली. फूटबोर्डच्या खालच्या शिवणीत एका ठिकाणी रंग उडून करंगळीच्या नखाएवढा गंज आलेला दिसला. तो बारीक पॉलिश पेपरने घासून त्यावर प्रायमर लावला. हे काम हाती घेतले नसते तर तो मला दिसलाही नसता. बॅटरी कोठीत आहे, १२.८ व्होल्ट. बोळ्याची चिठ्ठी किल्लीला बांधली आहे. तपासणीचा महिना जानेवारी निघाला, म्हणजे ती एप्रिलमध्ये करून घेईन.

ईझारकाठी, म्युनिक — ६ एप्रिल

हिवाळाभर गाडी एकदाही सुरू केली नाही. जानेवारीत सलग काही दिवस बाहेर उणे बाराच्या खाली होते, तेव्हा फार बेचैन वाटले आणि रात्री खाली जाऊन चादर उचलून पाहून आलो, पण किल्ली लावली नाही. बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज केली.

काल ती बसवली, चिठ्ठी वाचून दोन्ही बोळे काढले, हवा नेहमीच्या दाबावर आणली. किल्ली फिरवल्यावर पंपाचा आवाज थांबेपर्यंत वाट पाहिली आणि दुसऱ्या बटणाला गाडी सुरू झाली. पुढच्या डिस्कवर गंजाची पुसट झाक होती, ती अंगणातच हळू चालवत चारपाच वेळा ब्रेक दाबल्यावर निघून गेली. प्रायमर लावलेली जागा जशीच्या तशी आहे.

बाबा व्हिडिओ कॉलवर होते. त्यांनी आधी सायलेन्सरचे तोंड दाखवायला सांगितले. त्यातून पाण्याचे थेंब गळत होते. ‘आता बंद करू नकोस, सायलेन्सर शेवटपर्यंत तापेस्तोवर चालव’, असे ते म्हणाले. म्हणून तपासणी केंद्रात जाण्याआधी स्टार्नबर्गच्या तळ्यापर्यंत, सुमारे पंचवीस किलोमीटर, जाऊन आलो. तळ्याकाठी गाडी मेन स्टँडला लावून पुन्हा पाहिले, तेव्हा सायलेन्सरचे तोंड कोरडे होते.